साथ ओसरली, थकवा का ओसरला नाही? एका इन्चार्ज सिस्टरांच्या प्रश्नाला उत्तर

जिल्हा रुग्णालयात २२ वर्षे सेवा झालेल्या एका इन्चार्ज सिस्टरांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. करोनाच्या दोन्ही मोठ्या लाटांत त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि तेव्हा त्या खचल्या नाहीत. मात्र त्यानंतर कामावर जाण्याची इच्छा उरलेली नाही, नातेवाइकांनी साधी चौकशी केली तरी चीड येते, आणि एखादा रुग्ण दगावला तरी आत काहीच हलत नाही. हे काहीच न हलणे त्यांना सर्वांत जास्त घाबरवते. त्यांच्या हाताखालच्या मुलींपैकी बऱ्याच जणींची हीच गत आहे. हा आजार आहे का, औषध घ्यावे का, पुन्हा अशी साथ आली तर वॉर्ड कसा सांभाळावा आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यावा का, असे त्यांनी विचारले आहे. मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार शिकवतो आणि साथीच्या काळात रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचे काम माझ्याकडे होते, त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

सिस्टर, तुम्ही वर्णन केलेली अवस्था बर्नआउटची दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नसून कामाशी निगडित घटना म्हणून केलेली आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की ही अवस्था येते आणि तिची तीन अंगे असतात: शक्ती पूर्णपणे आटल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना बळावणे. क्रिस्टिना मास्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रश्नावली साधारण हीच तीन अंगे मोजते आणि आजही जगभर तीच वापरली जाते. तुम्हाला भिववणारे ते ‘काहीच न वाटणे’ यांपैकी दुसऱ्या अंगात मोडते. ते तुमच्या स्वभावात झालेला बिघाड नाही. रोज माणसे मरताना पाहणाऱ्या मनाने टिकून राहण्यासाठी शोधलेली ती वाट आहे, फक्त गरज संपल्यावरही ती बंद झालेली नाही.

ताण हाताळायचा कोणी, हे ही व्याख्या सांगत नाही. आपल्या रुग्णालयांत ती जबाबदारी न बोलता कर्मचाऱ्यावर टाकली जाते, आणि म्हणूनच उपाय म्हणून योगवर्ग, प्राणायामाची चित्रफीत किंवा ‘सकारात्मक विचार’ या विषयावरचे व्याख्यान पुढे येते. माझे मत स्पष्ट आहे आणि ते साथीच्या अनुभवानंतर अधिक पक्के झाले आहे: आपल्याकडे साथीतला बर्नआउट विषाणूने जितका घडवला त्याहून जास्त ड्युटी लिस्टने, त्या लिस्टमागच्या रिक्त पदांनी आणि आपल्यावर अन्याय झाला या भावनेने घडवला. त्यामुळे तपासणीची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

तुम्ही साथीत खचला नाहीत आणि नंतर खचलात, याचे तुम्हाला आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. संकट चालू असताना माणसाला हेतू असतो, सहकाऱ्यांचा जथा असतो, आणि विचार करायला वेळ नसतो. २००३ मध्ये टोरांटो शहरात सार्सची साथ आली, ती काही महिन्यांत आटोक्यात आली. पण एक ते दोन वर्षांनंतर तिथल्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली असता, ज्या रुग्णालयांनी सार्सचे रुग्ण सांभाळले होते तिथे बर्नआउट आणि मानसिक त्रास इतर रुग्णालयांपेक्षा अधिक आढळला, आणि रुग्णांशी येणारा संपर्क किंवा कामाचे तास कमी करून घेणारेही तिथे अधिक होते. त्याच पाहणीत, आपल्याला पुरेसे प्रशिक्षण, संरक्षण आणि आधार मिळाला असे ज्यांना वाटत होते त्यांना हा त्रास कमी झालेला दिसला. ती साथ काही महिन्यांची होती. आपली दोन वर्षांची होती, आणि मध्ये उसंत अशी मिळालीच नाही.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिल्या रुग्णांचे निदान झाले तेव्हापासूनचा काळ मी तीन टप्प्यांत पाहतो, कारण प्रत्येक टप्प्यात थकव्याचे कारण वेगळे होते.

पहिल्या टप्प्यात भीती होती. अंगभर संरक्षक (पीपीई) किट चढवल्यावर सहा-सहा तास पाणी प्यायचे नाही, लघवीला जायचे नाही, पाळीच्या दिवसांतही त्यातून सुटका नाही. चष्म्यावर वाफ धरली की शीर सापडायची नाही आणि दुहेरी हातमोज्यांतून नाडी लागायची नाही. ड्युटीनंतर घरी जावे तर वृद्ध सासू-सासरे आणि लहान मूल, न जावे तर हॉटेलच्या किंवा वसतिगृहाच्या खोलीत एकटेपण. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी लोकांनी थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर फुले उधळली, आणि याच आठवड्यांत अनेक परिचारिकांना घरमालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले इतके वाढले की २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करून अशा हल्ल्यांसाठी ५ वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा झाल्यास ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. तरीही हा टप्पा बहुतेकांनी निभावून नेला, कारण काही आठवड्यांच्या ड्युटीनंतर काही दिवस विलगीकरणाचे, म्हणजे सक्तीच्या का होईना विश्रांतीचे, मिळत होते. मे २०२० मध्ये केंद्राच्या नव्या सूचनांनुसार संपर्काचा धोका कमी असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी सरसकट विलगीकरणाची गरज उरली नाही. साथशास्त्राच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय असेलही, परंतु ड्युटी लिस्टच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच झाला की मधली विश्रांती गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

दुसरा टप्पा एप्रिल-मे २०२१ चा, आणि त्यावर थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे. १८ एप्रिल २०२१ रोजी राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदवले गेले. जानेवारीत लस मिळालेली असल्यामुळे कर्मचाऱ्यांना स्वतःच्या जीवाची भीती तुलनेने कमी होती, आणि तरीही माझ्याकडे आलेल्या लोकांची अवस्था पहिल्या लाटेपेक्षा कितीतरी वाईट होती. कारण आता प्रश्न भीतीचा राहिला नव्हता. व्हेंटिलेटर एक आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी घसरलेले रुग्ण चार, अशा वेळी निर्णय कोणी तरी घेत होते आणि तो अमलात आणणारे हात बहुधा सिस्टरचे असत. रेमडेसिवीरची चिठ्ठी घेऊन नातेवाईक शहरभर फिरत असताना त्या औषधाने मृत्यू टळतात असा ठोस पुरावा नाही, हे वॉर्डातल्या वरिष्ठांना माहीत असायचे आणि तरी चिठ्ठी लिहिली जायची. ऑक्सिजनचा टँकर वाटेत आहे असा निरोप आला की रात्रपाळीतली माणसे दाबमापकाकडे पाहत बसायची. २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले, २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, आणि त्यानंतर राज्यातल्या प्रत्येक आयसीयूत ड्युटीवर जाणारा माणूस ते डोक्यात घेऊनच आत शिरत होता.

नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. त्यामुळे मरणाऱ्या माणसाजवळ असणारी एकमेव व्यक्ती म्हणजे किटमधली सिस्टर किंवा ब्रदर, आणि तीही एकाच वेळी वीस-पंचवीस रुग्णांची. घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून देणे, मग तोच फोन परत करणे, मग शव पिशवीत बंद करणे आणि चिठ्ठी चिकटवणे, ही कामे एकाच व्यक्तीने एकाच पाळीत केली. मृताच्या उशाशी राहिलेला मोबाईल वाजत राहतो आणि तो उचलायचा की नाही हे ठरवता येत नाही, हा अनुभव मला अनेकींनी, वेगवेगळ्या रुग्णालयांतून आलेल्या, जवळजवळ सारख्या शब्दांत सांगितला आहे. आपल्याला जे योग्य वाटते ते करण्याची सोयच नसणे, किंवा जे अयोग्य वाटते त्यात सहभागी व्हावे लागणे, यातून होणाऱ्या दुखापतीला मानसोपचारात नैतिक इजा म्हणतात. जोनाथन शे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना ही कल्पना मांडली. थकवा झोपेने भरून निघतो, नैतिक इजा झोपेने भरून निघत नाही. तिला साक्षीदार लागतो, म्हणजे ज्याने तेच पाहिले आहे आणि जो ‘तू तुझे कर्तव्य केलेस’ असे म्हणून विषय मिटवत नाही असा माणूस लागतो.

तिसरा टप्पा साथ ओसरल्यानंतरचा. मला तो सर्वांत घातक वाटतो, आणि त्याकडे दुर्लक्षही सर्वांत जास्त झाले. लाटेसाठी तीन-तीन महिन्यांच्या आदेशावर घेतलेल्या कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉय लाट उतरताच कमी केले गेले. दोन वर्षे तुंबलेल्या शस्त्रक्रिया आणि ओपीडी मात्र एकदम अंगावर आल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला तेव्हा पोलिसांनी अटक केली ती ड्युटीवरील वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना. त्या प्रकरणातील दोष कोणाचा हे ठरवणे माझे काम नाही. परंतु त्या अटकेनंतरच्या आठवड्यांत, दुसऱ्या जिल्ह्यांतल्या आणि त्या घटनेशी काहीही संबंध नसलेल्या किती सिस्टरांनी रात्रपाळीची धास्ती घेतली हे मी पाहिले आहे. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची जी सहा उगमस्थाने सांगितली आहेत त्यांत कामाचा बोजा हे केवळ एक आहे. उरलेली पाच म्हणजे कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांचा आधार, न्याय आणि मूल्ये. आपल्याकडे चर्चा नेहमी बोज्याची होते. माझ्या खोलीत बसून लोक रडले ते बहुतेक वेळा न्यायाच्या प्रश्नावर: कोणाची ड्युटी वशिल्याने बदलली, कोणाला भत्ता मिळाला आणि कोणाला नाही, कोणाच्या मृत्यूनंतर ५० लाखांच्या विम्याचा दावा कागदपत्रांत अडकला.

तुम्ही परिचारिकांविषयी विचारले आहे, पण शेजारच्या खोलीत काय चालले होते याचा उल्लेख केल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. निवासी डॉक्टरांची एक पूर्ण तुकडी त्या काळात उशिरा आली. पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा एप्रिल २०२१ मध्ये व्हायची होती, ती सप्टेंबरात झाली, आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे प्रवेश फेऱ्या जानेवारी २०२२ पर्यंत लांबल्या. पहिल्या वर्षाची मुले वॉर्डातले जवळजवळ सगळे हातकाम करतात. तीच नसल्यामुळे तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांनी ओढले. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग १२ तासांहून अधिक ड्युटी नसावी आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा असावी असे म्हटलेले आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने जी शिफारस केली ती आठवड्याला ७४ तासांची. तीस वर्षांत मर्यादा पाळण्याऐवजी मर्यादाच वर सरकली, आणि ही ७४ तासांची मर्यादाही आज अनेक विभागांत सवलत वाटावी अशी आहे.

आशा सेविकांची गोष्ट आणखी वेगळी. कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत, म्हणून त्यांच्या थकव्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार तापमान आणि ऑक्सिजन मोजत त्याच फिरल्या, शिव्याही त्यांनीच खाल्ल्या, आणि करोनाच्या कामासाठी केंद्राकडून मिळत होते महिन्याला १ हजार रुपये. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांनी संप केला तेव्हा मानधन वाढले. एका मानसोपचारतज्ज्ञाने असे लिहिणे कदाचित विचित्र वाटेल, पण माझ्या मते त्या संपाने त्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी जे केले ते कोणत्याही समुपदेशनाने झाले नसते. वॉर्डातल्या मावशी आणि मामांविषयी तर कोणी विचारतच नाही. शवागारापर्यंतच्या सगळ्या फेऱ्या त्यांच्या होत्या.

आता औषधाचा प्रश्न. बर्नआउटवर गोळी नाही, पण बर्नआउटसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींवर आहे, म्हणून आधी त्या वगळाव्या लागतात. तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारा: चार-पाच दिवसांच्या रजेवर, गावी किंवा लेकीकडे गेल्यावर, तिसऱ्या दिवशी मन हलके होते का? होत असेल, जेवणाची चव लागत असेल, नातवंडात मन रमत असेल आणि रजेच्या शेवटच्या संध्याकाळी मात्र छातीत धडधड सुरू होत असेल, तर हा प्रामुख्याने कामाचा थकवा आहे. रजेतही काहीच आवडत नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, आपण निरुपयोगी आहोत किंवा त्या मृत्यूंना आपणच जबाबदार आहोत असे वाटत असेल, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज चालू असेल, तर ते नैराश्य आहे. त्याला उपचार आहेत आणि ते उपचार लागू पडतात. मॉनिटरचा अलार्म किंवा ऑक्सिजनचा फुसफुसाट ऐकताच २०२१ ची एखादी रात्र डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहत असेल, त्या जुन्या वॉर्डाच्या बाजूने जाणे तुम्ही टाळत असाल, तर आघातोत्तर ताणाचा विचार करावा लागतो आणि त्याची चिकित्सा वेगळी असते. शिवाय हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, रात्रपाळ्या करणाऱ्या बाईचा थकवा केवळ मानसिक आहे असे न तपासता ठरवणे, हा आमच्याच व्यवसायाचा आळस आहे. करोना होऊन गेल्यानंतर काहींचा अशक्तपणा महिनोन् महिने टिकला, हेही लक्षात असू द्या.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. स्वतःच्या किंवा हाताखालच्या एखाद्या मुलीच्या मनात मरणाचे विचार येत असतील, किंवा कोणी वॉर्डातील झोपेची वा वेदनाशामक इंजेक्शने स्वतःसाठी वापरत असल्याची शंका आली, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. आरोग्य कर्मचाऱ्यांना साधने हाताशी असतात आणि मात्रा माहीत असते, म्हणून त्यांच्याबाबत मी उद्यावर ढकलत नाही. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या रुग्णालयात जा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे तुमच्या उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे, आणि मेट्रनना किंवा सिव्हिल सर्जनना तुमचे निदान विचारण्याचा अधिकार नाही.

वॉर्डासाठी काय करता येईल, याचे उत्तर मी ड्युटी लिस्टपासून सुरू करतो. २०१७ मध्ये डॉक्टरांवरील अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात, कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम व्यक्तीला तणावमुक्तीचे धडे देणाऱ्या उपायांपेक्षा जास्त दिसला. दोन्हींचे परिणाम माफकच होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पदे भरणे तुमच्या हातात नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरलेले असते, आणि आपल्या बहुतेक रुग्णालयांत तो आकडा कागदावरही धरलेला नसतो. म्हणजे एका सिस्टरने रजा घेतली की दुसरीला डबल ड्युटी, आणि रजा घेणारी मैत्रिणीची गुन्हेगार. ही मागणी संघटनेमार्फत आणि लेखी व्हायला हवी.

पण लिस्ट लावण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि त्यात बरेच काही आहे. दुपारची पाळी रात्री संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर व्हायला लावणारी अदलाबदल टाळा. दोन पाळ्यांमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर राहिले की प्रवास आणि स्वयंपाक वगळून झोपेला पाच तासही उरत नाहीत. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकता ठेवा, उलटा नको. रात्रपाळ्या संपल्यावर मिळणारा पहिला दिवस हा ‘ऑफ’ समजू नका, कारण तो झोपण्यात जातो. खरी सुटी त्यानंतरची. महिन्याची लिस्ट निदान दोन आठवडे आधी लावा आणि ती भिंतीवर सर्वांना दिसेल अशी लावा, म्हणजे कोणाला किती रात्री आल्या हे कोणालाही मोजता येईल. मी पाहिलेल्या वॉर्डांत या शेवटच्या, बिनखर्चाच्या गोष्टीने जितकी कुरबुर कमी झाली तितकी दुसऱ्या कशानेही झाली नाही. रात्री दोन ते चारच्या दरम्यान आळीपाळीने २०-३० मिनिटे आडवे होण्याची अधिकृत मुभा द्या. ती चोरून घेतली जातेच, पण चोरून घेतलेल्या झोपेत कान जागे राहतात आणि विश्रांती होत नाही.

बोलण्याच्या बाबतीत एक इशारा. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून, एकाच बैठकीत, घडलेले सर्व सविस्तर सांगायला लावणे ही पद्धत एके काळी लोकप्रिय होती. अभ्यासांत तिचा उपयोग दिसला नाही आणि काहींना त्यामुळे त्रास वाढल्याचे आढळले. तसे करू नका. त्याऐवजी हँडओव्हरनंतर, म्हणजे पाळी बदलताना काम पुढच्यांकडे सोपवून झाल्यावर, दहा मिनिटे, आठवड्यातून एक-दोनदा, मावशी-मामांसह सर्वजण उभ्याउभ्याच बोला: आज काय जड गेले, उद्यासाठी काय हवे. कोणावर बोलण्याची सक्ती नको. मृत्यू झाला असेल तर त्या रुग्णाचे नाव घेऊन बोला, बेड नंबर सांगून नव्हे. तुम्ही इन्चार्ज म्हणून ‘मला काल फार जड गेले’ असे एकदा म्हणालात की हाताखालच्या मुलींची जीभ सैल होते. सुटीच्या दिवशी सक्तीचे ताणमुक्ती शिबिर ठेवण्याची सूचना वरून आली, तर ते ड्युटीच्या तासांत ठेवा असे नम्रपणे लेखी कळवा.

पुढच्या साथीसाठी तुमच्याकडून मला तीनच गोष्टी हव्या आहेत, आणि त्या साथ नसतानाच करून ठेवाव्या लागतील. किट घालून काम करण्याची पाळी चार तासांपेक्षा मोठी असू नये आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी व स्वच्छतागृह असावे, हे रुग्णालयाच्या आराखड्यात आजच लिहून घ्या. आयसीयूचा अनुभव नसलेल्यांना अनुभवी सिस्टरबरोबर जोडीने लावायची यादी तयार ठेवा, कारण न येणारे काम एकटीने करावे लागणे हे सर्वांत वेगाने माणसाला खचवते. आणि बेड किंवा यंत्र कोणाला द्यायचे याचा निर्णय एका व्यक्तीने न घेता तीन-चार वरिष्ठांच्या गटाने घेऊन तो लिहून ठेवण्याची पद्धत मागा. रात्री तीन वाजता तो निर्णय वॉर्डातल्या सर्वांत कनिष्ठ माणसाच्या अंगावर पडता कामा नये. २०२१ ची नैतिक इजा मोठ्या प्रमाणात तिथूनच झाली.

शेवटचा प्रश्न स्वेच्छानिवृत्तीचा. तुमची २० वर्षांहून अधिक अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा झालेली आहे, त्यामुळे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ प्रमाणे तीन महिन्यांची नोटीस देऊन तुम्ही निवृत्त होऊ शकता आणि २००५ च्या नोव्हेंबरपूर्वी रुजू झालेल्या असल्याने जुने निवृत्तिवेतनही लागू होईल. हा तुमचा हक्क आहे आणि तो वापरणे पळपुटेपणा नाही. परंतु या अवस्थेत माणसाला प्रत्येक पर्याय नोकरी सोडण्याकडेच नेताना दिसतो, म्हणून क्रम बदला असे मी सुचवीन. आधी वरच्या रक्ततपासण्या आणि माझ्यासारख्या कोणाची एक भेट. मग साठलेल्या अर्जित रजेतून सलग चार ते सहा आठवडे घ्या. आठ-दहा दिवसांची रजा तुमच्या थकव्याला पुरणार नाही. परत येताना आयसीयूऐवजी लसीकरण, ओपीडी किंवा नर्सिंग शाळेतील शिकवण्याचे काम मागा आणि तिथे सहा महिने काढा. त्यानंतरही सकाळी उंबरठा ओलांडवत नसेल तर नोटीस द्या, आणि ती देताना निवृत्तिवेतनाचा हिशेब लेखाशाखेकडून लेखी घ्या. रजेचा अर्ज मात्र आजारपणाच्या प्रमाणपत्राशिवाय, साधी अर्जित रजा म्हणूनच करा; कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ एवढे पुरते.